काढ्याचं काम काढ्याला, डॉक्टरांचं डॉक्टरांना

कबनूर आणि इचलकरंजी यांच्यातली वेस आता कागदावरच उरली आहे. मागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच. मृगाचा पहिला पाऊस पडला की, आणि नंतर दिवाळी सरून ऊसतोड सुरू झाली, पहाटे धुकं उतरायला लागलं की, आमच्या गल्लीत घरटी एक माणूस तरी शिंकायला लागतं. कुणी रात्रपाळी करून घामेजल्या अंगानं गार वाऱ्यात घरी आलेलं असतं, कुणी शाळेतून सर्दी घेऊन आलेलं असतं.

माझा सगळा संसार या गावात झाला. लहान मुलं, म्हातारी माणसं, पाळीवरून येणारी माणसं, सगळ्यांच्या सर्दीला मी चुलीपासून गॅसपर्यंत काढे उकळले. पुष्कळसं आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी शिकवलं. काही डॉक्टरांना विचारून कळलं, काही वाचून. त्यातलं जे वर्षानुवर्षं खरं ठरलं ते इथं सांगते. घरच्या औषधावर माझा जीव आहे, म्हणूनच त्याची हद्दही सांगणार आहे.

१. सर्दी तिच्या वेळेनंच जाते

सर्दी विषाणूंमुळे होते. त्यात ऱ्हायनोव्हायरस सगळ्यांत पुढे, आणि त्याचेच शंभराहून जास्त प्रकार आहेत. म्हणून एकदा होऊन गेली तरी ती पुन्हा होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र काढलं होतं. 1946 ते 1989 एवढी वर्षं ते चाललं. धडधाकट माणसं स्वखुशीनं तिथं जाऊन राहायची आणि सर्दी करून घ्यायची. एवढ्या खटाटोपातून विषाणूंबद्दल खूप कळलं, पण सर्दी मुळातून घालवणारं औषध काही हाती आलं नाही.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते, खोकला मागे रेंगाळून तीन आठवडेही राहू शकतो. हे मनाशी पक्कं असलं की घरच्या औषधाकडून भलती अपेक्षा राहत नाही. घसा शेकायचा, नाक जरा मोकळं करायचं, कफ सुटायला मदत करायची आणि आजारी माणसाला झोप लागेल असं बघायचं, एवढं त्याचं काम. आणि हे काम लहान नाही. रात्रभर खोकणाऱ्या माणसाला चार तास सलग झोप मिळणं काय असतं, ते त्या घरालाच ठाऊक.

दुकानातून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या सुट्या आणून घ्यायची सवय मात्र मोडायला हवी. त्या गोळ्या जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. साध्या सर्दीत त्यांचा काडीचा उपयोग होत नाही, आणि पुढं खरी गरज पडते तेव्हा त्या लागू पडेनाशा होतात.

२. काढा पातळ हवा, ताजा हवा

आमच्या परसात सांडपाण्याच्या वाटेवर गवती चहाचा ठोंब आहे. पाणी भरपूर मिळतं म्हणून तो कायम हिरवागार. काढ्याला त्याची चार-पाच पाती पुरतात. धुवायची, कात्रीनं तुकडे करायचे किंवा सगळ्यांची एक गाठ मारायची. बोटाच्या पेराएवढं आलं खलबत्त्यात ठेचायचं. दोन कप पाण्यात दोन्ही टाकून मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवायचं. तुळशीची पाच-सहा पानं शेवटी घालून लगेच झाकण ठेवायचं, कारण तुळस काय किंवा गवती चहा काय, त्यांचा गुण वासाच्या तेलात असतो आणि उघड्या भांड्यात तो वाफेबरोबर निघून जातो. गूळ सगळ्यांत शेवटी, भांडं उतरवल्यावर. दूध घालायचं असेल तर गूळ आधी नकोच, दूध फाटतं. गुळाच्या बाबतीत आम्ही भाग्यवान. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात गुऱ्हाळावरून थेट ढेप आणायची, आणि दिसायला पिवळाधमक नसलेला, जरा काळपट गूळ निवडायचा.

2020 साली करोना आला तेव्हा आयुष मंत्रालयानं काढ्याचं प्रमाण दिलं होतं. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. त्याची तीन ग्रॅम भरड दीडशे मिलीलिटर उकळत्या पाण्यात, दिवसातून एक-दोनदा. प्रमाण शहाणपणाचं होतं. पण आमच्याकडे घरोघर मूठमूठ मिरी-लवंग टाकून काळाकुट्ट काढा उकळायला लागले आणि तांब्या तांब्यानं प्यायला लागले. मग कुणाच्या छातीत जळजळ, कुणाचं तोंड आलं. औषध कडक केलं म्हणजे गुण दुप्पट येतो, असं नसतं.

वेल्समधल्या कार्डिफच्या संशोधकांनी 2008 साली एक गोष्ट दाखवून दिली. सर्दी झालेल्यांना फळांच्या रसाचं पेय गरम दिलं तेव्हा घसा, खोकला, वाहणारं नाक, हुडहुडी, थकवा यांत लगेच आराम वाटला. तेच पेय खोलीतल्या हवेइतक्या तापमानाचं दिलं तेव्हा तेवढा आराम मिळाला नाही. म्हणजे काढ्यातला बराच गुण गरम घोटाचाच. म्हणून मी तो थर्मासमध्ये भरून उशाशी ठेवते आणि थोडा थोडा प्यायला लावते.

३. सर्दीत पोट रिकामं ठेवू नये: माडगं आणि अळणी

तोंडाला चव नाही म्हणून सर्दीचं माणूस जेवत नाही आणि आणखी गळून जातं. त्यावर आमच्या भागातलं उत्तर म्हणजे हुलग्याचं माडगं. हुलगे निवडून लोखंडी तव्यावर खमंग वास सुटेपर्यंत भाजायचे. गार झाले की दळून डब्यात भरून ठेवायचे. पावसाळ्याआधी हे पीठ घरात पाहिजेच. दोन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवायचं. दुसरीकडे दोन पेले पाणी, गूळ, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा सुंठ उकळायला ठेवायची. उकळी फुटली की कालवलेलं पीठ धारेनं सोडत हात सतत फिरवायचा, नाहीतर गुठळ्या होतात. पाच मिनिटं रटरटलं की वर चमचाभर तूप, किंवा उतरवून जरा निवल्यावर थोडं दूध. गोड नको असेल त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी. वाटी तोंडाला लावून भुरके मारत प्यायचं. कपाळावर घाम येतो, अंग हलकं होतं आणि पोटात आधार राहतो, कारण हुलग्यात प्रथिनं भरपूर.

मांसाहारी घरात याच वेळी अळणी होते. आलं, लसूण, हळद, मीठ लावून मटण शिजवायचं आणि तिखट पडायच्या आधी वरचं पाणी बाजूला काढायचं. तांबडा आणि पांढरा रस्सा दोन्ही याच पाण्यावर होतात. घसा सोलवटलेल्या माणसाला तांबडा रस्सा देऊ नये, अळणी द्यावी. लहान पोरांनाही ती मानवते.

४. हळदीचं दूध झोपताना

हळदीला आम्हाला लांब जायला नको. सांगलीची हळदपेठ देशात नावाजलेली, हरिपूरला ती जमिनीतल्या पेवांत साठवायची पद्धत होती आणि सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी मी तयार पूड घेत नाही. हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेते. रंग चढावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं विष मिसळल्याचं उघडकीला आलेलं आहे, आणि ते पोरांच्या मेंदूला बाधतं.

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि शरीरात फार कमी शोषलं जातं. म्हणून दूध थोडं सायीचं असावं आणि त्यात दोन मिऱ्यांची पूड घालावी. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा मिरीतल्या पिपरिनबरोबर दिलेल्या कर्क्युमिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढलेलं दिसलं. पावशेर दुधाला पाव चमचा हळद बास. हळद कच्ची लागू नये म्हणून दुधाबरोबर दोन-तीन उकळ्या येऊ द्याव्यात.

दुधानं कफ वाढतो म्हणून सर्दीत दूध बंद करणारी घरं खूप आहेत. दुधानं कफ जास्त तयार होत नाही. तोंडात लाळेशी मिसळून ते जरा दाट वाटतं, एवढंच. ज्याला नको वाटतं त्यानं हळद गुळाबरोबर चाटावी.

५. अडुळसा: कुंपणावरचं खरं औषध

अडुळशाला शेरडं तोंड लावत नाहीत, म्हणून आमच्याकडे तो बांधावर, कुंपणाला लावतात. कफ छातीत अडकून खोकल्यानं बरगड्या दुखायला लागल्या की आत्ती चार-पाच जून पानं काढून आणायच्या. पानं तव्यावर मऊ पडेपर्यंत गरम करायची, कुटायची आणि फडक्यात घालून पिळायची. रस चमचा-दीड चमचा निघतो. तेवढ्यातच मध मिसळून मोठ्या माणसाला सकाळ-संध्याकाळ द्यायचा. कडूजहर असतो, पण कफ सुटतो.

यामागचं कारण कळलं तेव्हा मला त्या कुंपणाचं मोल नव्यानं पटलं. अडुळशात वासिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावर काम करता करता ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं आणि त्याच्यातूनच पुढं अँब्रॉक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या बाटल्यांवर ही दोन नावं आजही छापलेली असतात. मात्र अडुळशानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदर बाईला तो कधीही देऊ नये. लहान पोरांना वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

६. वाफ आणि पोटली: अंतर राखून

वाफेनं विषाणू मरत नाही. दाटलेला शेंबूड सैल होतो आणि थोडा वेळ बरं वाटतं. निलगिरीच्या तेलाचा किंवा पुदिन्याच्या अर्काचा थेंब टाकला की नाक उघडल्यासारखं वाटतं, कारण पुदिन्यातला मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतो. नाक आतून सुजलेलंच असतं, पण तेवढ्यानं झोप लागत असेल तर तेही चांगलंच.

आमच्या घरात वाफेचा नियम पक्का आहे. पातेलं टेबलावर, भिंतीकडे सरकवून. पाणी उकळून उतरवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच डोक्यावर टॉवेल. लहान पोराला उकळत्या पातेल्यावर वाकवायचंच नाही. साध्या सर्दीनं सहसा कुणी दवाखान्यात भरती होत नाही, पण पातेलं कलंडून भाजलेलं पोर महिना महिना सोसतं.

पोरांसाठी ओव्याची पोटली आहे. दोन चमचे ओवा तव्यावर गरम करायचा, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात बांधायचा, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा आणि मगच छाती-पाठ हलक्या हातानं शेकायची. ओव्यात थायमॉल असतं, वास त्याचाच. पोटलीत कापूर घालू नका. तो लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. 2021 च्या एप्रिलमध्ये कापूर, ओवा, लवंगेची पोटली हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. ते खोटं होतं. आणि धाप लागलेलं माणूस पोटलीच्या भरवशावर घरी ठेवणं जिवावरचं असतं.

७. मिठाच्या गुळण्या, आणि पाणी उकळूनच

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. घशाची सूज उतरते, चिकट कफ सुटतो. जपानमध्ये झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर नुसत्या साध्या पाण्यानं रोज गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडसं कमी झालेलं आढळलं. याच्याइतकं स्वस्त औषध नाही.

नाकात मिठाचं पाणी घेणारे, जलनेती करणारे यांनी मात्र पाणी उकळून गार केलेलंच वापरावं. न उकळलेल्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत गेला तर माणूस वाचणं फार अवघड. पंचगंगेच्या काठच्या आम्हा लोकांना पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. तेव्हापासून आमच्याकडे पावसाळ्यात पिण्याचं पाणी उकळल्याशिवाय माठात जात नाही.

८. मध खोकल्याला उत्तम, वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही

झोपायच्या आधी चमचाभर मध चाटला की मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, हे आज्यांना माहीत होतं आणि डॉक्टरांनाही मान्य आहे. आमच्याच जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. खात्रीचा मध मिळाला तर वर्षभर पुरवून वापरावा. उकळत्या काढ्यात न टाकता वरून घालावा.

पण बाळ वर्षाचं होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या वाढतात आणि त्यांच्या विषानं बाळाचं अंग लुळं पडतं. बाळगुटी मधात उगाळून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ज्यांनी ती पाळली त्यांनी मायेनंच पाळली. आता कारण कळलंय, तेव्हा ती रीत बदलायला हवी. तान्ह्याच्या सर्दीला आईचं दूध, ऊब आणि डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब एवढंच पुरे.

दुकानातल्या सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधांनाही हेच लागू. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरात काढला. मोठ्या भावासाठी आणलेली बाटली धाकट्याला पाजायची नाही.

९. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं नाही

ज्येष्ठमधाची काडी चघळली की घसा लगेच निवतो, पण ज्येष्ठमध रोज घेत राहिलं तर रक्तदाब चढतो आणि अंगातलं पोटॅशियम घटतं. ब्लडप्रेशरच्या माणसाला ते देऊच नये. वेखंड मुलांना पोटात द्यायचं नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा महिनोन् महिने घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली लिहिलं. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की सर्दीचं औषध सर्दी असेपर्यंतच. अंगणातली पानं ओळखीची असावीत, काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी नाव विचारून घ्यावी आणि दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना काढ्याबद्दलही सांगावं.

१०. सगळाच खोकला सर्दीचा नसतो

हे आमच्या गावात सगळ्यांत महत्त्वाचं. मागावरच्या माणसाच्या केसांवर, भुवयांवर पाळी सुटताना कापसाचे पांढरे तंतू बसलेले असतात. तेच छातीतही जातात. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळत असेल, खोकला यायला लागून पुढच्या दिवसांत जरा कमी वाटत असेल, तर ती सर्दी समजू नका. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची ती खूण असू शकते. त्यावर अडुळसा चालत नाही. तोंडाला मास्क किंवा निदान दुपदरी फडकं, शेडमध्ये हवा खेळती आणि छातीच्या डॉक्टरांकडून तपासणी हवी.

दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, थुंकीत रक्त दिसतंय, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथं मोफत मिळतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

मुलांच्या बाबतीत श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट छातीकडे बघायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त श्वास असतील, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल पीत नसेल किंवा झापड आल्यासारखं पडून असेल, तर काढा चुलीवर ठेवत बसू नका. रिक्षा बोलवा.

११. विश्रांतीशिवाय कुठलंच औषध लागत नाही

आमच्याकडे मजुरी कापडाच्या मीटरवर, पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशोबानं. माग बंद तर मजुरी बंद. म्हणून अंगात कणकण असताना, नाक गळत असताना माणसं दोन गोळ्या घेऊन बारा तास उभी राहतात. घरी बायका तशाच अवस्थेत भाकरी थापतात, धुणं धुतात, मागाच्या कांड्या भरायला जातात. त्यांना काढा करून द्यायला कुणी नसतं, कारण एरवी काढा करणाऱ्या त्याच असतात.

मला तर वाटतं, घरच्या औषधाचा निम्मा गुण पानांत असला तर उरलेला निम्मा त्यानंतर अंगावर पांघरूण घेऊन पडू देण्यात आहे. म्हणून ज्यांच्या हातात आहे त्यांना मी कळकळीनं सांगते. कारखानदारांनी तापलेल्या, खोकणाऱ्या कामगाराला एक पाळी पगारासह सोडावी. तो तसाच शेडमध्ये राबला तर इतरांनाही लागण होते आणि पुढच्या आठवड्यात चार माग बंद पडतात. आणि घरातल्या पुरुषांनी, पोरांनी काढा करायला शिकावं. सात-आठ मिनिटांचं काम आहे. प्रमाण वर दिलंच आहे. घरातली बाई शिंकायला लागली की तिला बसवा आणि गवती चहा कापायला तुम्ही उठा.